सकाळचं पहिलं पाणी

सोमवार, ८ एप्रिल

पुन्हा उतरलं! हिमोग्लोबिन सातवर. डायलिसिस सेंटरच्या इन्चार्ज नर्सने रिपोर्ट माझ्या नाकासमोर धरला आणि विचारलं, गोळ्या घेता ना नक्की? जणू मी शाळेतली पोर आणि गृहपाठ चुकवते. घेते बाई, घेते. जेवणाआधीची, जेवणानंतरची, ती लोखंडाची काळी, जिने दिवसभर तोंडाला गंज चढतो — सगळ्या घेते. इंजेक्शन तर तुम्हीच टोचता. तेही मीच चुकवते की काय?

चार तास सुयांना बांधून ठेवायचं आणि वर चोरासारखी उलटतपासणी.

बुधवार, १० एप्रिल

धाकटीचा फोन. नर्सने तिला कळवलंय! जूनमध्ये किडनी ती देणार, म्हणून माझ्या शरीराची चौकशी आता थेट तिच्याकडे जाते. "ताई, मी घरात सगळ्यांशी भांडून हे करतेय, आणि तुझ्याच्याने साध्या गोळ्या गिळवत नाहीत?"

देणाऱ्याचा हात वरच असतो. लहानपणी हिला औषध पाजायचं तर मी नाक दाबून धरायचे. आता ती माझं नाक दाबते. फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला बाही उलटी जोडली. मग संध्याकाळपर्यंत उसवत बसले.

शुक्रवार, १२ एप्रिल

माझी खुर्ची पाण्याच्या खोलीला लागून. सकाळी पहिली पाळी माझी, त्यामुळे पाणीवाला कुलूप उघडतो तेव्हाच मी दारात असते. नळाचं पाणी आधी कोळशाच्या टाकीतून जातं, कोळसा त्यातला क्लोरीन खातो, मग बारीक गाळण्या, मग आमची मशीनं. पाणीवाला हे प्रत्येक नव्या पेशंटला ऐकवतो, टाकी जशी काही त्याच्या बापाची! प्यायल्या पाण्यातला क्लोरीन माणसाला काही करत नाही म्हणतो, पण मशीनमधून रक्ताला भिडला तर रक्त फोडतो.

म्हणून आल्या आल्या, मोटर लावायच्याही आधी, तो टाकीखालच्या तोटीचं पाणी काचेच्या नळीत घेतो आणि औषधाचे थेंब टाकतो. पिवळं झालं नाही की पाणी चांगलं. एक दिवस चुकवत नाही. भला माणूस. गोळ्यांचं न विचारणारा इथे तो एकटाच.

सोमवार, २२ एप्रिल

शेजारच्या खुर्चीवरचा कंडक्टरही पांढराफटक पडलाय. त्यालाही आज तोच प्रश्न. त्याने मान खाली घातली. हा मात्र खरंच चुकवत असणार! मला बरं वाटलं. कुठल्या थराला गेलेय मी.

शुक्रवार, २६ एप्रिल

हिमोग्लोबिन साडेपाच. जिना चढताना दोनदा खाली बसले. इथले पोरगेले डॉक्टर म्हणाले, रक्त चढवावंच लागेल. मी त्यांना सांगितलं की ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी बजावलंय, होता होईतो बाहेरचं रक्त नको, पुढे किडनी जुळायला अडचण येते.

धाकटी तातडीने आली होती. तिने ऐकून घेतलं आणि सरळ बाही वर सारली. "बाहेरचं नको ना? मग मी काय बाहेरची आहे? माझंच घ्या."

डॉक्टरला पटलं. मलाही पटलं. किडनी तिची येणार, मग रक्त तिचं का नको? घरचं ते घरचं.

शनिवार, २७ एप्रिल

रक्त चढलं. जिना एका दमात चढले. जाताना धाकटी काय म्हणाली असेल? आता तरी गोळ्या घे!

बुधवार, १५ मे

आज भर पाळीत सगळी मशीनं बंद केली.

कंपनीचा मेकॅनिक तपासणीला आला होता. पाणी धो धो वाहत असताना त्याने त्याच तोटीचं पाणी घेतलं, थेंब टाकले. नळी पिवळीजर्द. पाणीवाला म्हणाला, सकाळी तर चांगलं होतं. केव्हा घेतलं होतं? मोटर लावायच्या आधी.

मेकॅनिक कपाळाला हात लावून तिथेच उभा राहिला. रात्रभर कोळशात मुरलेलं पाणी चांगलंच निघणार, म्हणाला, कोळसा मरायला टेकला असला तरी. मोटर लावायची, पाणी थोडा वेळ वाहू द्यायचं आणि मग घ्यायचं. उन्हाळ्यात पाणीखातं क्लोरीन वाढवतं आणि इथला कोळसा केव्हाच संपलेला.

म्हणजे रोज तपासायचे ते पाणी वेगळं, आणि आमच्या रक्ताला लागायचं ते वेगळं!

पाणीवाला बादली पालथी घालून तिच्यावर बसला. आधीच्या माणसाने असंच शिकवलं होतं, एवढंच म्हणत राहिला. नर्स माझ्याकडे बघत नव्हती. कंडक्टर छताकडे बघत म्हणाला, "मी एक गोळी चुकवली नव्हती हो."

शुक्रवार, १७ मे

कोळसा बदलला. डॉक्टर हळूच म्हणाले, बाहेर बोलू नका. माफी मागायला मात्र जीभ झिजते!

जुळणीच्या शेवटच्या तपासणीला धाकटीचा नमुना तिच्या गावाहूनच जाणार. ती स्वतः दोन जूनला येईल. फोनवर सांगणार नाही. समोर बसवीन आणि मग सांगेन. तिचा चेहरा बघायचाय मला. गोळ्या मी घेत होते. सगळ्या. वाक्य पाठ करून ठेवलंय.

गुरुवार, ३० मे

मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. जानेवारीत जुळलं होतं, आता जुळत नाही. तिची किडनी बसवली तर माझं शरीर तिच्यावर तुटून पडेल. मध्ये रक्त कुणाचं चढवलं, त्यांनी विचारलं. सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

कुणाचंही चढवलं असतं तरी धोका होताच, म्हणाले. पण तिचंच दिल्यामुळे शरीराने तिलाच शत्रू ठरवलं.

दुसरं देणारं कुणी नाही. म्हणजे आता शेवटपर्यंत तीच खुर्ची, तीच घरघर. घरी येऊन खूप रडले. पाणीवाल्याला, नर्सला, डॉक्टरला, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. तिने बाही वर सारली तो क्षण मात्र डोळ्यांपुढून जात नाही.

बहिणीला तुम्ही सांगता की मी, डॉक्टरांनी विचारलं होतं. मी सांगते म्हणाले.

रविवार, २ जून

धाकटी आली. सांगितलं, किडनी जमत नाही म्हणतात. गोळ्या मी खरंच घेत नव्हते गं, त्यानेच सगळं बिघडलं.

नाही नाही ते बोलली. दणादणा जिना उतरून गेली. रडली नाही.