पाचव्या खुर्चीखालच्या पट्ट्या

सोमवार, ३ तारीख
पोचलो एकदाचे! चौदा माणसं, दोन गाड्या, वाटेत तिघांना उलट्या. मालिका परग्रहवाल्यांची, पण या भागात रॉकेट-बिकेट काही नाही. दिग्दर्शकांना म्हणे ‘खरीखुरी’ भीती हवीय. शेतावरच्या घरातली मुलगी नाहीशी होते, तिच्या जागी वरून आलेलं काहीतरी परत येतं आणि ही आपली नाही हे ठाऊक असूनही घरचे तिला ठेवून घेतात. त्यासाठी एका म्हाताऱ्या जोडप्याचं घर भाड्यानं मिळालंय. माझं काम कंटिन्युइटीचं, म्हणजे कालच्या शॉटमधला पेला आजही तिथंच आहे ना, हे बघणं. धाकटी बहीण म्हणते, पगार घेऊन खुसपटं काढतेस. लेकीला तिच्याकडेच ठेवलंय. शनिवारी शाळेच्या नाटकात लेक झाड होणार आहे. शुक्रवारी घरी येते असं वचन दिलंय आणि युनिटमध्ये सगळ्यांना हे सांगून झालंय.

बुधवार, ५
घरच्या काकूंना माझ्या कामाचं भलतंच वेड लागलंय. मी खुर्च्यांच्या पायांभोवती जमिनीवर पांढऱ्या टेपच्या पट्ट्या लावते, की त्या मागे हजर! माणूस उठून गेलं तरी त्याची जागा राहते का, असं त्यांनी विचारलं. राहते की, मी म्हटलं, त्याचाच तर मला पगार मिळतो. टेपचं एक रीळ देऊनच टाकलं. आता त्यांच्या डब्यांखालीही पट्ट्या! आम्ही पोट धरधरून हसलो.
टेबलाला पाच खुर्च्या. पाचवी त्यांच्या मुलीची. अकरा वर्षांपूर्वी ती घर सोडून गेली, काका म्हणाले. लाइट लावताना नटी मेकअपला होती, म्हणून मीच तिथं बसले. काकू माझ्याकडे बघतच राहिल्या.

गुरुवार, ६
घोटाळा केला मी. पेला उजवीकडे होता, नोंदवहीत लिहिला डावीकडे. शेवटचा शॉट पुन्हा घ्यावा लागणार. दिग्दर्शक नको नको ते बोलले. शरमेनं मेल्यासारखं झालं. युनिट दुसऱ्या लोकेशनवर गेलंय, उद्या सकाळी येईल. तोवर खोलीतलं काही हलू नये म्हणून मी थांबते, असं मीच होऊन म्हटलं.

शुक्रवार, ७
कुणी आलं नाही. इथं फोनला रेंज नाही. काका रस्त्यापर्यंत जाऊन फोन करून आले, उद्या येतील म्हणाले. पण उद्या नाटक आहे! मला स्टँडवर सोडा म्हटलं, तर त्यांची गाडी बिघडलेली. चालत जाते म्हटलं, तर माझ्या चपला जागेवर नाहीत. दाराशी पट्ट्यांच्या चौकटीत दुसऱ्याच चपला होत्या, जुन्या. मला बरोबर बसतात.

शनिवार, ८
काकांनी पोती सरकवायला कोठीत बोलावलं. मी आत गेले आणि बाहेरून कडी लागली. तेवढ्यात युनिट आलं. ओरडून ओरडून घसा बसला, पण जनरेटरची घरघर— जाळीतून काका दिसले, हातात माझी नोंदवही.
ती कालच गेली, लेकीच्या नाटकाला. असं काकांनी युनिटला सांगितलं म्हणे. काकूंनीच सांगितलं मला, अगदी मायेनं. सगळ्यांना पटलं. का नाही पटणार? पेलाही उजवीकडे होता.
झाड होऊन झालं असेल. मी नव्हते.

मंगळवार? बुधवार
काकूंनी स्वतःची नोंदवही केलीय. सातला उठणं. तिचा निळा कपडा. चारला पाचवी खुर्ची. पाय पट्ट्यांच्या आत. जरा बाहेर गेला की काका पुन्हा पहिल्यापासून—
मी तुमची मुलगी नाही म्हटलं. पाया पडले.
ठाऊक आहे गं, म्हणाल्या.

?
चारला खुर्ची. मग कोठी. रोज तेच.
बहीण शोधेल. नक्की शोधेल—

बाहेर गाडी. बहिणीचा आवाज! काका सांगताहेत, ती तर शुक्रवारीच— जनरेटर नाही आज. ऐकू जाईल. काकू कोठीत येताहेत, हातात मी दिलेलं रीळ, टेप ओढत—
बाहेरून हाक. आई!
माझी लेक आहे. ओ देते. मी ओ