चंद्रावरचा दगड आणि मोहपाड्याची विहीर

१३ सप्टेंबर १९६७, तलासरी

आजही नाही आला! मुंबईच्या प्रयोगशाळेतून एक कागद यायला किती दिवस लागावेत? डिसेंबरात दगड पाठवला, आता सप्टेंबर अर्धा सरला. हेडक्लार्क पानाला चुना लावत म्हणतो, "सेविकाबाई, तुमचं काम बालवाडी, शिवण, बिनधुराची चूल. विहिरीच्या भानगडीत कशाला पडता?" आणि त्या बिनधुराच्या चुलीवर शिजवायचं कशात? थुंकीत? हे त्याच्या तोंडावर म्हणायला हवं होतं. मला नेहमी घरी आल्यावर सुचतं.

नऊ महिने! नऊ महिन्यांत तर माणसाचं मूल —

नको. तानी आठवते. मोहपाड्यातल्या लाहूची बायको. मागल्या वर्षी मे महिन्यात ओहोळातून पाणी घेऊन चढताना हंड्यासकट घसरली. सातवा लागला होता. मूल गेलं. मी तिच्या खाटेजवळ बसून बोलून गेले की मोहपाड्यात विहीर झाल्याशिवाय मी बदली मागणार नाही. भात कापून झाल्यावर सगळ्या पाड्याने अंगमेहनतीने चौदा फूट खणलं आणि खाली लागला पाषाण. सुरुंग लावायला कचेरीची मंजुरी हवी. मंजुरीला खडकाचा दाखला हवा. दाखल्याला मुंबई हवी! या वर्षीचा उन्हाळा तसाच गेला, बाया ओहोळातच उतरल्या. पुढचा मे तसा जाऊ देणार नाही.

संध्याकाळी एसटी स्टँडवरच्या हॉटेलात शाळेतल्या नारू गुरुजींनी पेपर दाखवला. अमेरिकेने चंद्रावर यंत्र उतरवलंय. माणूस नाही, नुसतं यंत्र. दोरीला बांधलेली एक छोटी पेटी जमिनीवर सोडणार आणि तिथली माती कसली आहे ते ती कळवणार. गुरुजींना काय आनंद! मला काही नाही वाटलं. डोकं दुखत होतं.

१६ सप्टेंबर

कचेरी बंद. कसली तरी सुट्टी.

२२ सप्टेंबर

स्मरणपत्र क्रमांक पाच दिलं. आवकवाल्याने शिक्का मारला आणि माझ्यासमोरच चौथ्यावर ठेवलं. चौथं अजून तिथेच!

४ ऑक्टोबर

आज मी भर हॉटेलात ओरडले. हॉटेलवाला गुजराती आहे, बिचारा "बेसो बेन, बेसो" करत पाणी घेऊन आला.

झालं असं की गुरुजींनी पेपर पुढे केला. चंद्रावरच्या त्या पेटीचा निकाल आला! मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या पैजा लागल्या होत्या म्हणे. कोणी म्हणे तिथे नुसती धूळ, यंत्र बुडून जाईल. कोणी म्हणे आकाशातून पडणाऱ्या उल्कांसारखा दगड निघेल. आणि निघालं काय, तर बसाल्ट! मी विचारलं, बसाल्ट म्हणजे? गुरुजी हसले. "अहो हंसाबाई, आपला काळा पाषाण. तुमच्या विहिरीत लागलाय तोच. त्याच जातीचा."

तोच!

म्हणजे जवळजवळ अडीच लाख मैलांवरचा दगड कसला आहे ते तीन आठवड्यांत कळलं. आणि मोहपाडा मुंबईहून सत्तर-ऐंशी मैल. तिथला दहा महिन्यांत कळत नाही! इथपर्यंत हळू आवाजात बोलत होते. मग नाही राहवलं.

गुरुजींनी पेपरचं ते पान फाडून दिलं. बाकी कधी कोणाला पेपर घरीसुद्धा नेऊ देत नाहीत.

६ ऑक्टोबर

पेपरचं पान घेऊन कचेरीत गेले. मूर्खपणा केला. हेडक्लार्कने मोठ्याने वाचून दाखवलं, चौघे पोट धरून हसले. "बाई, चंद्रावरची विहीर कुठल्या योजनेत बसते?" मी म्हटलं, निदान तिथलं यंत्र कागदाची वाट बघत बसलं नाही. मग कोणी हसलं नाही. पण कामही झालं नाही.

३ नोव्हेंबर, डहाणू

दिवाळीला घरी. आई पहाटेच टोपली घेऊन बाजारात गेली, सण असो नाहीतर काही असो. दुपारी ओट्यावर बोंबील निवडत बसलो. तिला चंद्राचं सांगितलं. ती म्हणाली, "काळा दगड तं काळा दगड. वरून पांढरा दिसतो ना, मग झालं." मग माझ्याकडे नीट बघून, "हंसा गो, वाळलीस किती! ती विहीर तुझ्या अंगातलंच पाणी शोषते का?" मी चिडले. उगीच चिडले. ती बोंबील निवडत राहिली. तिच्यासाठी बोर्डीचे चिकू आणले होते, ते द्यायचेच विसरले.

१४ नोव्हेंबर, तलासरी

आला! प्रयोगशाळेचा कागद आला!

आणि वाचते तर काय! "नमुना क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी. पाण्याने घासून गुळगुळीत झालेला. नदीपात्रातील असावा. खोदकामातील खडक नव्हे." खाली आमच्या कचेरीचा शेरा — नमुन्यात लबाडी दिसते, ग्रामसेविकेने आठ दिवसांत खुलासा द्यावा, तोवर प्रकरण बंद.

लबाडी! मी? नमुना भरला तेव्हा मी इथे नव्हतेच. आईला ताप होता म्हणून डहाणूला होते. लाहूने दगड दिला, तानीने कापडी पिशवीत घालून शिवला, कोतवालाने लाखेचं सील मारून नेला. लाहू असं करेल?

१५ नोव्हेंबर

केलं. त्यानेच केलं.

चार मैल तणतणत गेले. मनात शिव्या जुळवून ठेवल्या होत्या. लाहू खळ्यावर होता. विचारलं तर सरळ हो म्हणाला! "नदीतला दिला, बाय. चांगला बघून दिला. पांढरा, चमकणारा. मुंबयचा साहेब खूश होईल म्हणलं."

मला हसावं की रडावं कळेना. विहिरीतला का नाही दिलास? तर तो तानीकडे बघायला लागला. तानीने सांगितलं. त्यांच्या पाड्यात विहीर खणली की पाणी लागेपर्यंत तिच्यातला दगड शिवेबाहेर जाऊ देत नाहीत. दगड गेला तर पाणी त्याच्यामागून जातं. चौदा फुटांत निघालेला प्रत्येक तुकडा मोहाच्या झाडाखाली रचून ठेवलाय. मी वर्षभर तो ढीग बघते! कठड्याच्या बांधकामाला ठेवलाय असं समजत होते. एकदासुद्धा विचारलं नाही.

"मग मला तेव्हाच सांगायचं ना रे!"

"तू मागितलास. तुला नाय कसं म्हणू?"

एक वर्ष. फक्त त्याला मला "नाही" म्हणवत नव्हतं म्हणून अख्खं एक वर्ष! शिव्या तोंडातच राहिल्या. तानीने नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. खाल्ली. भूक लागली होती.

१७ नोव्हेंबर

खुलासा लिहायला बसले. चार कागद फाडले. त्यांचं मानणं लिहावं तर कचेरी खो-खो हसणार आणि पाड्याची टिंगल होणार. न लिहावं तर मी लबाड. आणि नवा नमुना मागायला पुन्हा लाहूकडे कुठल्या तोंडाने जाऊ?

पेपरचं पान पुन्हा वाचलं. त्या यंत्राने दगड उचललाच नाही. कुठे नेला नाही, आणला नाही. पेटी जमिनीवर टेकवली आणि जागच्या जागी तपासलं! मग आमच्या ओव्हरसियरला काय पाय नाहीत? त्याच्याकडे तर जीप आहे!

लिहिलं — "खडक जागेवरून हलवणे शक्य नाही. तरी ओव्हरसियर साहेबांनी समक्ष येऊन जागेवर पाहणी करावी." कारण नाही दिलं. आणि लाहूला निरोप पाठवला की दगड शिवेबाहेर जाणार नाही, माझा शब्द.

२५ नोव्हेंबर

उत्तर नाही.

५ डिसेंबर

ओव्हरसियर आला. स्वच्छ पांढरे बूट. सगळा पाडा विहिरीभोवती उभा. लाहू आधीच खाली उतरून शिडी धरून होता. साहेब उतरला, हातोडी मारली. टण्! पुन्हा टण्! दोन मिनिटं नाही लागली.

"काळा पाषाण. यात तपासायचं काय होतं? जागेवर पंचनामा केला असता तरी चाललं असतं. दाखला कोणी मागितला?"

कोणी मागितला! त्यांनीच! सही त्यांचीच! मला असं वाटलं की विहिरीत ढकलावं, पण तो आधीच विहिरीत होता.

पंचनाम्यावर खालीच सही झाली. सुरुंग मंजूर. आणि वर येता येता साहेबाने एक ढलपी उचलली, चांगली सुपारीएवढी, "फाइलला जोडायला" म्हणून खिशात टाकली.

मी पाहिलं. मला म्हणता आलं असतं, साहेब, ती इथेच ठेवा. पण तो विचारणार का. मी सांगणार. तो हसणार, नाहीतर भडकणार, आणि सही केलेला कागद तर त्याच्याच हातात होता. पुढचा मे डोळ्यांपुढे आला. मी गप्प राहिले. जीप गेली.

ओव्हरसियरचे बूट तेवढे खराब झाले, बरं झालं.

१३ डिसेंबर

परवा पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला. माणसं मेली, घरं पडली. कचेरीत दुसरा विषय नाही. माझ्या मनात पहिलं काय आलं? आता सुरुंगाचं सामान लांबणार. असं मनात आलं म्हणून स्वतःची किळस आली.

९ जानेवारी १९६८

सुरुंगवाले आले. दिवसाला दोन बार. कान बधिर झालेत. पोरं प्रत्येक बाराला टाळ्या वाजवतात. सतरा फूट.

१८ जानेवारी

बावीस फूट. कोरडं. सुरुंगवाला म्हणतो, "अजून थोडं." सायवनच्या ग्रामसेवकाकडे अठराव्या फुटाला पाणी लागलं. तो मला सांगायला मुद्दाम एसटीने आला!

२७ जानेवारी

सव्वीस. खाली भाकरी भाजेल इतकं कोरडं. निघालेला दगड बाया डोक्यावरून मोहाखालीच नेतात, एक तुकडा इकडे-तिकडे होऊ देत नाहीत. सुकी नावाची म्हातारी तर ढलप्यासुद्धा वेचते. मला बघवत नाही.

६ फेब्रुवारी

तीस फूट. मंजुरी तिसापर्यंतच. सुरुंगवाल्यांनी सामान बांधलं. कचेरीचा शेरा दोन शब्दांचा — विहीर निकामी.

निकामी! दोन वर्षं, सात स्मरणपत्रं, एक खुलासा, आणि शेवटी निकामी! हेडक्लार्क म्हणाला, "आता तरी चुलीकडे लक्ष द्या बाई." त्याच्याशी भांडायचंही त्राण नव्हतं.

९ फेब्रुवारी

पाड्यावर जाऊन आले. कोणी काही बोललं नाही. तेच नको वाटतं! चिडले असते, दोन शब्द सुनावले असते तर बरं. तानीने भाकरी दिली, ती तशीच पदरात बांधून आणली.

मी मॅट्रिक झालेली बाई. दगड जीपमध्ये बसून गेला म्हणून पाणी गेलं, असलं काही मी मानत नाही. पाषाण म्हणजे पाषाण, कुठे फट असते, कुठे नसते. गुरुजीही तेच म्हणाले. पण शब्द मी दिला होता आणि मोडलाही मीच. ओहोळ आटत आलाय. मे तीन महिन्यांवर. मला "नाही" म्हणवत नाही म्हणून ज्याने वर्षभर गप्प बसून सोसलं, त्याला मी फसवलं. रविवारी जाऊन सांगणार. मग बदलीचा अर्ज.

११ फेब्रुवारी

सांगितलं. लाहू तंबाखू मळत होता, हात थांबला नाही. म्हणाला, "ठावं हाय. साहेबाने खिशात घातला तवा मी शिडीखालीच होतो. तू पाह्यलंस नि गप राह्यलीस, तेपण पाह्यलं. त्याच रातीला म्हातारे इचाराया आले, काय नेलं का. मी बोललो, नाय, काय नाय नेलं. खरं बोललो असतो तर पाड्याने सुरुंग लावू दिला नसता."

तानीला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. तिनेच त्याला गप्प राहायला सांगितलं होतं.

उद्यापासून छिन्नी-घणाने खाली जायचं म्हणतायत, कचेरीशिवाय. मला वर टोपल्या ओढायला ठेवलंय.