विक्रांतच्या आवाजातला फोन

मी, श्रीमती अहल्या विनायक पोतनीस, वय पंचाहत्तर, राहणार फ्रीगंज, उज्जैन, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे, हे डॉ. रुचिर गर्गे यांनी तपासून सांगितलं आहे. गुडघ्यांबद्दल कोर्टाने विचारू नये. माझ्यावर कोणाचा दाब नाही. आधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. टावर चौकामागचा माझा राहता फ्लॅट माझा एकुलता एक मुलगा चि. विक्रांत, सध्या राहणार टोरांटो, याला मिळावा. तो इथे राहायला येणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी दर दिवाळीला त्याची खोली मी झाडून-पुसून तयार ठेवते. त्याने फ्लॅट खुशाल विकावा, फक्त विकण्याआधी दोन दिवस तिथे राहून जावं.

२. बँकेतल्या ठेवी विक्रांत आणि माझी पुतणी चि. गौरी यांनी निम्म्या-निम्म्या घ्याव्यात. भेरूगडच्या छापाच्या साड्या मी वर्षानुवर्षं घरून विकल्या. उरलेल्या साड्या आणि लाकडी ठसे गौरीचे. मोराच्या ठशाला चीर गेली आहे, तरी तो फेकू नये.

३. माझा फोन गौरीने ताब्यात घ्यावा. आधी बँकेतून माझा नंबर काढावा, मग बाकीची खाती बंद करावीत आणि सगळ्यात शेवटी सिम परत करावं. हा क्रम चुकला तर तोच नंबर उद्या दुसऱ्या कोणाला मिळेल आणि माझे ओटीपी त्याच्याकडे जातील. पासवर्ड या कागदात नाहीत, कारण मृत्युपत्राच्या झेरॉक्स गावभर फिरतात. अर्धा पासवर्ड गौरीला सांगितला आहे, अर्धा विक्रांतला. त्या निमित्ताने तरी दोघं चुलत भावंडं एकमेकांना फोन करतील.

४. माझे धाकटे दीर, गौरीचे वडील भय्यासाहेब, यांना माझ्याकडून काही नाही. माझ्या पंचाहत्तरीला त्यांनी माझ्या आधार कार्डाचा फोटो फेसबुकवर टाकला, का तर "वहिनी वाटत नाहीत, पण आहेत पंचाहत्तरच्या" हे सिद्ध करायला. दारावरच्या पाटीचाही फोटो टाकला. विक्रांतने टोरांटोच्या गणपतीत केलेलं भाषण त्यांनीच सगळ्या जगासाठी चढवलं. मी बोलले, तर म्हणाले, "छोडो ना वहिनी, आपल्याकडे चोरायला आहे काय?" ज्यांच्या पूर्वजांनी दरबारचा खजिना सांभाळला, त्या घरात जन्मलेल्या माणसाने असं बोलावं! मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही.

५. आता खरं कारण, ज्यासाठी जुनं मृत्युपत्र बदलावं लागलं.

आमच्या घरात ‘आई’ म्हणजे माझ्या सासूबाई. मी लग्न होऊन आले तेव्हा भय्यासाहेब शाळेत होते आणि "वहिनी, वहिनी" करत दिवसभर माझ्या मागे असायचे. विक्रांत बोलायला लागला तो तेच ऐकून. मी वहिनी आणि सासूबाई आई. सगळे हसले, सासूबाईंना कौतुक वाटलं आणि ते तसंच राहिलं. जुन्या एकत्र घरांत हे सर्रास चालायचं, कोणी मुद्दाम केलं नाही. सासूबाई गेल्या तेव्हा विक्रांत कॉलेजात होता. एवढ्या मोठ्या मुलाला आता मला आई म्हण असं सांगायची मला लाज वाटली.

गेल्या श्रावणात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज विक्रांतचा. "आई, मी विक्रांत. माझा फोन चोरीला गेलाय, पोलिसांनी बसवून ठेवलंय. तुला ओटीपी येईल, तो सांग." त्याला माझी जन्मतारीख ठाऊक होती, आधारचा नंबर ठाऊक होता, पाटीवर काय लिहिलंय तेही. आवाज त्या गणपतीच्या भाषणावरून बनवला असणार, असं मागाहून सायबर पोलिसांनी सांगितलं. मला मात्र पहिल्या शब्दालाच कळलं होतं की हा माझा मुलगा नव्हे.

शंका आली की फोन ठेवायचा आणि विक्रांतच्या नंबरवर आपण लावायचा, हे गौरीने माझ्याकडून घोकून घेतलं होतं. मी ठेवला नाही. नीट ऐकू येत नाही, परत बोल, म्हटलं. तो परत आई म्हणाला. जेवलास का, विचारलं. हो आई, तू ओटीपी सांग, म्हणाला. मी चष्मा सापडत नाही म्हटलं. चष्मा नाकावरच होता, डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. ओटीपी मी दिला नाही. शेवटी तो वैतागला, "बुढिया टाइम खोटी कर रही है" असं बाजूच्या कोणाला तरी म्हणाला, तेही विक्रांतच्याच आवाजात, आणि फोन कट झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा फोनजवळ जाऊन बसले. हे गौरीलासुद्धा माहीत नाही.

भय्यासाहेबांच्या ‘वहिनी’मुळे माझी जमापुंजी वाचली, हे मान्य करणं भाग आहे. म्हणून कलम चार दुरुस्त करून त्यांना यजमानांची आरामखुर्ची देते. तिचा फोटो त्यांनी कुठेही टाकू नये.

६. विक्रांतची ओळख पटवणारी ही खूण मी आज कागदावर लिहिली, म्हणजे ती आता गुपित राहिली नाही. गौरी म्हणाली, नवीन खूण ठरवा. ठरवली आहे. ती विक्रांतला समोर बसवून सांगेन. फोनवर नाही, मेसेजमध्ये नाही.

या एका कलमाने माझ्या मरणाची वाट बघू नये. कलम पाच आणि सहाची नक्कल आजच पोस्टाने टोरांटोला पाठवत आहे. विक्रांत, मला वहिनी म्हणायचं आता काही कारण उरलेलं नाही. ये, आणि मला आई म्हण. चोराने तुझ्या आवाजात म्हटलं. तू अजून म्हटलेलं नाहीस.

वरील मजकूर मी वाचला, माझाच आहे, आणि खालील दोघांच्या देखत सही केली.

अहल्या विनायक पोतनीस

साक्षीदार:
१. श्रीमती चारुलता मधुकर रेगे, शेजारी
२. डॉ. रुचिर गर्गे

उज्जैन, दि. ९ नोव्हेंबर २०२५