दोह्याचा चांद, दासगावचा चिखल

१ जानेवारी २००४, गुरुवार. महाड.

नवीन वर्ष, नवी डायरी. गेल्या महिन्यात दोह्याच्या कंपनीने निरोप देताना दिलेली, सोनेरी कडांची. भिंतीवरचं कॅलेंडरही कंपनीचंच, तशाच कडांचं, चांदाच्या तारखांचं. अशा वस्तू इकडे मिळत नाहीत.

मुद्दाम मराठीत लिहितो आहे. बिल्किस उर्दू धडाधड वाचते, मराठीत जोडाक्षराशी अडते. म्हणजे बायकोपासून सेफ. मदिहा मराठी वाचते, शाळेत शिकवतेसुद्धा, पण बापाच्या वह्या उघडून बघाव्यात असं तिला कधी वाटलेलं नाही. पंधरा वर्षं मी दोन वर्षांतून एकदा यायचो. ती मला अजून पाहुण्यासारखं पाणी आणून देते, ग्लास ताटलीवर ठेवून.

या वर्षी गाडी घ्यायची. महाडकरांना शहरात टेन्शनशिवाय गाडी कशी चालवतात ते दाखवायचं. जमल्यास त्यावर पुस्तिका.

४ जानेवारी, रविवार

गाडी आली. मारुती ८००, पांढरी, सेकंडहँड. बिल्किस म्हणाली, चालवणार कोण? मी हसलो. दोह्यात पंधरा वर्षं रोज कंपनीच्या पिकअपमध्ये पुढच्या सीटवर बसलो आहे. ड्रायव्हिंग हातापायांनी नाही, डोळ्यांनी शिकतात. लायसन्स आहे. मागच्या सुट्टीत काढलं होतं.

टीप पहिली: गाडीत बसल्यावर आधी पाच मिनिटं शांत बसावं. (आज चाळीस मिनिटं बसलो. छान वाटलं. नंतर आत जाऊन जेवलो.)

११ जानेवारी, रविवार

पोलादपूर लाइनवर जीप चालवणारा श्रीपत शेजारी बसायला आला होता. मार्गदर्शनाची गरज नव्हती, सोबत असावी म्हणून. चवदार तळ्याला प्रदक्षिणा घालायची ठरवलं. तिथे सिटी ड्रायव्हिंगचं सगळं आहे: रिक्षा, सायकली, भाजीवाल्या, मध्येच उभं राहून गप्पा मारणारे ओळखीचे लोक.

एक फेरी पूर्ण. दुसऱ्या फेरीत सवयीने उजव्या बाजूला गेलो. दोह्यात तीच बाजू बरोबर. समोरून एसटी आली. एसटीचा ड्रायव्हर काय बोलला ते इथे लिहीत नाही. श्रीपत म्हणाला, नासिरभाय, तुमी थांबा, मी लावतो गाडी कडेला. मग म्हणाला, मला पोलादपूरला पाशिंजर हायत, आणि उतरून चालत गेला. पोलादपूर अठरा किलोमीटर आहे आणि त्याची जीप माझ्या दारात उभी होती.

लोकांना टेन्शन हाताळता येत नाही, हाच मुद्दा पुस्तिकेत यायला हवा.

१८ जानेवारी, रविवार

मोठा शोध लागला. आज एकटाच कशेडीकडे गेलो. घाटात पुढे मालाचा ट्रक होता. त्याच्या मागे राहिलो. तो थांबला की थांबायचं, तो वळला की वळायचं. काही ठरवावं लागत नाही. रस्ता बघायलाही लागत नाही, फक्त ट्रकची पाटी बघायची. खाली उतरल्यावर ट्रक धाब्यावर थांबला, मीही थांबलो, चहा घेतला. परत येताना दुसरा ट्रक पकडला. टेन्शन शून्य.

टीप दुसरी आणि सर्वांत महत्त्वाची: एक चांगला ट्रक निवडावा आणि त्याला सोडू नये.

२५ जानेवारी, रविवार

मदिहासाठी मुंबईचं स्थळ आलं आहे. आदिल, माझगावला राहतो, एसी रिपेअरिंगचं स्वतःचं दुकान. वडील नाहीत. आई जुलेखाबी, मूळच्या आपल्याच खाडीपट्ट्यातल्या, लग्न होऊन मुंबईला गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. मदिहाने त्याला एका लग्नात पाहिलं आहे. विचारलं तर म्हणाली, बरा हाय. ती अशी घरच्या बोलीत बोलते तेव्हा खरं बोलते. मला जोडाक्षरांसारखं अडखळत का होईना, एवढं वाचता आलं.

आधीची दोन स्थळं मोडली. पहिल्यांना मी घराच्या प्लॅनविषयी सूचना केल्या होत्या, दुसऱ्यांना त्यांच्या ब्लडप्रेशरविषयी. दोन्ही सूचना बरोबर होत्या.

मदिहा म्हणाली, अब्बा, काय नको करायला. घरी बोलवा, अम्मी बिर्याणी करेल, बस. मी म्हणालो, बघू. बघू म्हणजे मी आधीच ठरवलं आहे. पाहुण्यांना मुंबईहून स्वतः माझ्या गाडीतून आणणार. दुसऱ्या दिवशी दासगावच्या खाडीत बोटीवर बार्बेक्यू. असं महाडात कुणी केलेलं नाही. पंधरा वर्षं मुलीसाठी फक्त पैशांचे ड्राफ्ट पाठवले. एकदा तरी समोर उभं राहून काही करून दाखवायचं आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

आज बकरी ईद. म्हणजे दोह्यात. इथे उद्या. दरवर्षी हेच, लोक एक दिवस मागे. सकाळी आंघोळ करून नवे कपडे घालून बसलो. बिल्किस म्हणाली, कुठं चाललात? मी म्हणालो, कॅलेंडर बघ. ती म्हणाली, ते दोह्याचं हाय, खाली काढा ते. आपला चांद आपण इथं बघितला. मी म्हणालो, चांद एकच आहे. तिने कांदे चिरायला दिले. नव्या कपड्यांत चिरले.

२ फेब्रुवारी, सोमवार

ईद झाली. लोकांबरोबर पुन्हा केली. मटणातला एक वाटा पाहुण्यांच्या रविवारसाठी फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितला. त्यावर बार्बेक्यू असं लिहून ठेवलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तयारी. लोखंडी शेगडी दोह्याहून आणलेली, घडीची, अजून खोक्यात. कंपनीच्या मालकाने एकदा बोटीवर बार्बेक्यू केला होता, तो मी नीट पाहिला आहे. किनाऱ्यावरून.

नियम लिहून काढले. शेगडी बोटीच्या बरोबर मध्ये. डिझेलचा डबा मागे, त्यावर ओलं गोणपाट. वाळूची बादली हाताशी. वाऱ्याकडे पाठ करून कुणी बसायचं नाही, किंवा बसायचं, हे वारा बघून ठरवू. ओढण्या, बुरखे आगीपासून लांब. बिल्किसने सगळं ऐकलं आणि विचारलं, पाण्याचं बघितलंत का? मी म्हणालो, बादली आहे ना. ती म्हणाली, बादलीतलं नाय, खाडीतलं.

बोट दासगावच्या हमजाची. तो ईदनंतर सासरी खेडला गेला आहे, रविवारी दुपारी परस्पर दासगावच्या धक्क्यावर येणार. फोनवर म्हणाला, चाचा, चांद सांगा त्या दिवशी, पाणी मी बघतो. आमच्याकडे खाडीचं पाणी चांदावर, म्हणजे चांदाच्या तारखेवर चालतं. रोज पाऊण तास उशिरा भरतं. ही माहिती मला लहानपणापासून आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार. बसून लिहितो आहे, कंबर धरली आहे.

पहाटेची, फजरची नमाज पढून निघालो. मदिहा दारात आली होती. म्हणाली, अब्बा, एसटीने जा ना. मी हात हलवला, वायपर सुरू झाले.

माणगावच्या पुढे एक उत्तम ट्रक मिळाला. हिरवा, शांत, सिग्नल देणारा. पेणला चहासाठी थांबला, मीही. ड्रायव्हरने दोनदा आरशातून माझ्याकडे पाहिलं, ओळख झाल्यासारखं. पनवेलच्या आधी गर्दी वाढली पण मी ट्रकची पाटी सोडली नाही. फाट्यावर तो वळला, मीही वळलो. आजूबाजूला कंटेनर वाढले. मग सगळेच कंटेनर झाले. मग सगळे थांबले.

ट्रक मुंबईला जात नव्हता. बंदरात जात होता. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये माझी मारुती. मागे वळायला जागा नाही. ट्रकचा ड्रायव्हर उतरून आला आणि विचारलं, भाईसाब, आपका माल क्या है?

शेवटी मोबाइलवरून आदिलला फोन केला. पाहुणे भाड्याच्या सुमोने निघून मला शोधत आले. आदिल रांगेतून चालत माझ्यापर्यंत पोचला, घामाने भिजलेला. म्हणाला, चाचा, सरका जरा. मी पुढच्या दुसऱ्या सीटवर सरकलो. रांग हलल्यावर त्याने गाडी बाहेर काढली आणि महाडपर्यंत चालवली, मी वाटेत टिप्स दिल्या. मुलगा ऐकून घेणारा आहे. वडखळला त्याने मला भजी घेऊन दिली, तेवढा वेळ मी बोललो नाही.

पाहुणे घरी पोचले, हे महत्त्वाचं. कसे पोचले हा तपशील आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

दासगावला धक्क्यावर पोचलो तेव्हा खाडी भरलेली, सुंदर. हमजा खेडहून नुकताच आलेला, सासरच्या दावतींनी सुजल्यासारखा, तारखा विसरलेला. त्याने विचारलं, चाचा, चांद किती? मी म्हणालो, सतरा. मागून बिल्किस म्हणाली, सोळा. पाहुण्यांसमोर बायकोशी वाद घालणं बरं नाही म्हणून मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. हमजाने बोटांवर मोजलं. म्हणाला, सतरा म्हणजे मग पाणी अजून चढतंय, घाई नाय. फक्त ते थांबल्यासारखं का दिसतंय? मी म्हणालो, दिसण्यावर जाऊ नये.

निघालो. मी, बिल्किस, मदिहा, आदिल, जुलेखाबी, हमजा. शेगडी मध्ये. नियमाप्रमाणे सगळं. कोळसा पेटायला फार वेळ लागला, कारण वाळूची बादली हाताशी ठेवताना ती आधी कोळशावर सांडली होती. आदिलने कोळसा झटकला. मी म्हणालो, वेळ आहे, अजून भरती आहे.

हमजा दोनदा म्हणाला, चाचा, पाणी जातंय. मी कॅलेंडर आठवलं आणि नाही म्हणालो. मग बोट जराशी कलली. मग बरीच कलली. शेगडी नियमाप्रमाणे मध्येच होती, पण बोटीचा मध्य आता एका बाजूला गेला होता. शेगडी घसरली आणि मटणासकट चिखलात गेली. चुर्र असा आवाज झाला. कुणीही भाजलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

खाडीतलं पाणी निघून गेलं होतं. चारी बाजूंना काळा चिखल, मध्ये आम्ही. हमजा म्हणाला, आता पाणी येईल ते मध्यरात्रीनंतर. बिल्किसने फक्त सोळा बोटं दाखवली, आधी दहा, मग सहा.

मदिहा उतरली. सलवार गुडघ्यापर्यंत वर करून, चपला हातात. पाय सरळ न उचलता सरकवत चार पावलं गेली आणि मागे वळून म्हणाली, चाची, या गो, हात द्या. मला वाटलं, संपलं. मुंबईच्या बाई, रेशमी कपडे, चिखल. तिसरं स्थळही गेलं आणि या वेळी माझ्या सूचनेची गरजही पडली नाही.

जुलेखाबी उतरल्या. गुडघ्याएवढ्या गेल्या. थांबल्या. मग हसायला लागल्या. म्हणाल्या, लग्नाच्या आधी रोज कालवं काढायला यायची मी असल्या चिखलात, तीस वर्षांत पाय लागला नाय. मदिहाचा हात धरून दोघी किनाऱ्यापर्यंत गेल्या, बोलत. मागून बिल्किस, आदिल, हमजा. मी बोटीतून बघत होतो. माझी मुलगी असं चालू शकते हे मला माहीत नव्हतं. कधी शिकली असेल?

कप्तान शेवटी उतरतो, म्हणून मी शेवटी उतरलो. दुसऱ्या पावलाला कमरेपर्यंत गेलो. आदिल परत आला आणि मला पाठीवर घेतलं. किनाऱ्यावर गावची मंडळी बसची वाट बघत उभी होती, त्या सगळ्यांनी बघितलं. त्याच्या कानाशी मी म्हणालो, डावीकडून घे, तिकडे घट्ट आहे. त्याने डावीकडून घेतलं. तिकडे घट्ट नव्हतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

पाहुणे सकाळी गेले. जाताना जुलेखाबी एवढंच म्हणाल्या, कळवते. पहिल्या दोघांनीही असंच म्हटलं होतं.

मदिहा शाळेतून आली, जेवली, खोलीत गेली. माझ्यासाठी पाणी आणलं नाही. बिल्किसने सांगितलं, रात्रभर रडली ती. आवडतो तिला तो मुलगा.

मी गाडीत जाऊन बसलो. किल्ली लावली नाही. मला भीती वाटते आहे. पंधरा वर्षं लांब राहून मी तिचं काही बिघडवलं नाही, आणि दोन महिने जवळ येऊन सगळं बिघडवलं. मराठीत आहे म्हणून लिहितो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

फोन नाही. चिखलातून शेगडी हमजाने काढून आणली. त्यात एक खेकडा होता.

१५ फेब्रुवारी, रविवार

जुलेखाबी आणि आदिलचे मामू आले. एसटीने. आपल्या जमातीचे दोन बुजुर्ग मी बोलावले नव्हते, बिल्किसने बोलावले. होकार आहे. जुलेखाबी म्हणाल्या, हिने चिखलात माझा हात सोडला नाय, मला दुसरं काय बघायचं हाय?

मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. चहा आला. लग्न कधी धरायचं यावर बोलणं निघालं. मोहरम-सफर हे दोन महिने जाऊ द्या, नंतरचा महिना बरा, असं ठरत आलं. तेव्हा मोठ्या बुजुर्गांनी सवयीने माझ्याकडे वळून विचारलं, नासिरभाय, आज चांद किती?

मामूंचा कप बशीवर तसाच राहिला. पडद्यामागे मदिहा उभी होती, तिची पावलं दिसत होती. भिंतीवर कॅलेंडर होतं, सोनेरी कडांचं, मला बसल्या जागेवरून चोवीस स्पष्ट वाचता येत होतं.

मी म्हणालो, बिल्किसला विचारा.

आतून आवाज आला, तेवीस. पडद्यामागे मदिहा हसली. थोड्या वेळाने पाणी घेऊन आली, ताटलीशिवाय, नुसता ग्लास, माझ्या हातात दिला.

एक अट आहे त्यांची. लग्नाच्या दिवशी नवरीची गाडी मी चालवायची नाही. आदिलचा मित्र चालवेल. मदिहा मागे बसणार, मी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. मी लगेच कबूल केलं. त्या सीटचा मला पंधरा वर्षांचा अनुभव आहे.