आज बाहेरून कडी नाही

प्रेमिला,

मी मिलमधी पाळीवर चाललो. पोळ्या म्याच केल्या, जाड झाल्या, खाऊन घेजो.

आज तुह्या खोलीले बाहेरून कडी लावली नाही. तूच म्हणे, "बाबा, मले कोंडून ठेवा, म्हणजे वकिली कॉलेजच्या परीक्षेचा अभ्यास होते." मले इंग्रजी वाचता येत नाही, पण पुस्तकातली खूण चार दिवसापासून हालली नाही, हे दिसते ना वं. आमचा जुना मुकादमही आमाले कोंडून कुलूप लावे. आमी आत बसून मस्त पत्ते खेळो.

परीक्षा रविवारी आहे. बसाचं नसन तं तसं सांग, मी चिडणार नाही. बसाचं असन तं आतून कडी लाव. मग मी दार वाजवलं तरी उघडू नको.

बाबा