कॅप्टनचं दुसरं बोलावणं

१८ नोव्हेंबर १९६१. बोटीवर.

एडन सुटलं. आता मुंबईपर्यंत नुसतं पाणी. विलायतेची एवढी लांबलचक सागरी सहल संपत आली अन् मी अजून एकदाही कॅप्टनच्या टेबलावर जेवलो नाही. हे काही बरोबर नाही. कारण मेव्हण्याले, म्हणजे बडनेऱ्याच्या चंद्रभानले, मी पोर्ट सैदहून कार्ड टाकून बसलो आहे की कॅप्टनसोबत रोजचं बसणं आहे, फोटो आल्यावर दाखवतो. खोटं नाही लिहिलं. जरा आधी लिहिलं, एवढंच. चंद्रभान तं ते कार्ड अख्ख्या बडनेऱ्यात वाचून दाखवत असन.

निश्चय: कॅप्टनसोबत फोटो निघाल्याशिवाय बोटीवरून उतरणार नाही.

१९ नोव्हेंबर, सकाळ.

काम फत्ते! पर्सर नावाचा गोरा साहेब, म्हणजे या बोटीचा दिवाणजीच समजा, स्वतः केबिनवर आला. म्हणे, बावीस तारखेले कॅप्टनचं शेवटचं डिनर, तुम्ही अन् बाईसाहेब दोघंही या. मी अर्थातच नाही म्हटलं. नाही हो, कशाले उगाच त्रास, आमचं काय, आम्ही कुठंही जेवतो. तो व्हेरी वेल सर म्हणाला अन् गेला.

माणूस वळणाचा वाटला. पहिल्या बोलावण्यावर पाटावर जाऊन बसाले आम्ही का हावरट आहो? पहिलं बोलावणं रीतीचं, दुसरं मनापासूनचं. अमरावतीत शेंबड्या पोरालेही हे समजते. संध्याकाळपर्यंत दुसरं येतेच.

बायकोले, जमुनाले, सांगितलं. ती म्हणे, तुम्ही नाही म्हटलं तं त्याले नाहीच समजन. मी म्हटलं, तू विलायत पाहिली, पण माणसं पाहिली नाही. मी पाहिली.

१९, संध्याकाळ.

नाही आला. कामात असन.

२० नोव्हेंबर.

दिवसभर केबिनमध्ये. दाराची कडी काढूनच ठेवली, त्याले ठोकाचीही तसदी नको. भयंकर उकडून राहिलं. जमुना वर डेकवर मजेत हवा खाऊन राहिली. एकदा दार वाजलं. मी कोट चढवला, टोपी घातली, दार उघडलं. धुतलेले कपडे आले होते. माझ्याच बंड्या.

दुपारून जिन्यात पर्सर दिसला. मी वाट अडवून उभा राहिलो अन् सहज म्हटलं, आजकाल भूक लय लागते बुवा. तो म्हणे, समुद्राच्या हवेनं लागतेच. लाजाळू आहे बिचारा, कसं बोलावं समजत नाही त्याले. त्याले सोपं जावं म्हणून मीच विचारलं की बावीसचं डिनर किती वाजता. त्यानं टाइम सांगितला. म्हणजे अर्धं बोलावणं तं झालंच.

२१ नोव्हेंबर.

जमुनानं घात केला. पर्सर डेकवर तिच्याजवळ गेला अन् गोव्याच्या स्टुअर्डले, म्हणजे बोटीवरच्या वाढप्याले, मधात घालून विचारलं, साहेब येत नाहीत तं आपण तरी याल का. अन् ही बाई पटकन हो म्हणाली! येतो म्हणे. एकदाही आढेवेढे घेतले नाहीत. आमच्या घराण्यात असं कधी झालं नाही. मी रागावलो तं म्हणते, जायचं होतं म्हणून हो म्हटलं.

मग शांतपणे विचार केला. बायकोले बोलावलं म्हणजे मलेच बोलावल्यासारखं आहे. जमुना म्हणे, मग चला. मी म्हटलं, असं कसं, मले वेगळं नको का? तिनं कपाळावर हात मारला. लहानपणापासून खेड्यात, वलगावात वाढली, रीत समजते कुठं.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळ.

दुपारी जेवलो नाही, डिनरले पोटात जागा पाहिजे. परीटघडीचं धोतर, काळा कोट, टोपी. पलंगावर ताठ बसून आहो. धोतराची घडी मोडाले नको. जमुना हिरवं लुगडं नेसून गेली. जाताना म्हणे, अजूनही या. तिचं बोलावणं मोजता येत नाही, घरचं आहे.

थोड्या वेळानं.

आलं! दुसरं बोलावणं आलं! स्टुअर्ड धापा टाकत आला. म्हणे खुद्द कॅप्टनचा निरोप आहे, तुमची खुर्ची ठेवली आहे, सूप थंडं होऊन राहिलं. माझा जीव असा हरखला की बस्स. अन् त्या आनंदात तोंडातून निघून गेलं, नाही नाही, होऊ द्या तुमचं.

सवय, दुसरं काय!

स्टुअर्ड उभा राहिला. मीही उभा. आणखी एक शब्द बोलला असता तं मी धावतच सुटलो असतो. पण सलाम करून गेला, गाढव.

असो. एवढ्या मोठ्या माणसाच्या घरी तिसरंच बोलावणं खरं असते. दुसरंही रीतीचंच. तेही येईन आता.

त्याच्याही नंतर.

डब्यातला उरलेला चिवडा खाल्ला. मऊ पडला आहे.

जमुना आली. चेहरा नुसता फुललेला. म्हणे, कॅप्टननं आइस्क्रीम दोनदा वाढलं. मी विचारलं, दुसऱ्यांदा तरी नाही म्हटलं का? म्हणे, काहून म्हणू? मग एकटीच हसाले लागली. म्हटलं, काय झालं? म्हणे, तुम्ही आले असते तं समजलं असतं. अन् कूस बदलून झोपली.

२३ नोव्हेंबर. मुंबई.

उतरताना फोटोवाल्यानं जमुनाच्या हातात फोटो दिला. मी मागितला नाही, तिच्या खांद्यावरून पाहिला. मधात कॅप्टन, पोट धरून हसून राहिला. बाजूले जमुना, डोक्यावरचा पदर सरकला आहे, तोंडावर हात धरून तीही हसून राहिली. तिच्या पलीकडे रिकामी खुर्ची. खुर्चीसमोर टेबलावर माझ्या नावाची चिठ्ठी. नाव झकास आलं आहे, लांबूनही वाचता येते.

म्हणजे मी फोटोत आहोच. फक्त बसलेलो नाही.

आता नीट विचार. चंद्रभान विचारीन, तुम्ही कुठं होते? उत्तर तयार आहे. कॅप्टन जेवाले बसला तं बोट कोणी पाहावं? कोणीतरी भरवशाचा माणूस पाहिजेच.

२४ नोव्हेंबर. बडनेरा स्टेशन, वेटिंग रूम.

चंद्रभान हार घेऊन फलाटावर हजर. सोबत चिक्कार माणसं. फोटो हातोहात फिरला. मी बोट सांभाळल्याचं सांगितलं. सगळ्यांले पटलं. एकानं तं विचारलंही की सुकाणू जड असते का. मी म्हटलं, वखरापेक्षा हलकं. सगळे खूश. हार माझ्या गळ्यात. जमुना सामान मोजून राहिली होती, तिनं मान वर केली नाही.

मग चंद्रभाननं फोटो परत हातात घेतला. खुर्चीकडे पाहिलंच नाही त्यानं. लय वेळ पाहत राहिला. मग मले बाजूले नेऊन हळूच म्हणे, भाऊजी, लग्न झाल्यापासून आमच्या जमुनाबाईले असं हसताना मी एकदाही पाहिलं नाही. काय झालं होतं तिथं?

मी म्हटलं, विचारून सांगतो.