माझ्या ग्लोव्हची व्यवस्था

मी, एलिसेओ मान्योन ताव्हारेस, वय सत्तर, राहणार साखर कारखान्याचे गाव सांता बेआता, धंदा पूर्वी बेसबॉल व हल्ली काही नाही, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही. मला कुणी दम दिलेला नाही की रम पाजलेली नाही. डॉक्टरांनी माझ्या हृदयाबद्दल सांगायचे ते सांगून टाकले आहे, म्हणून हे काम आजच उरकतो. वकीलबाई बात्तिस्ता समोर बसून "मुद्द्याचं लिहा, एलिसेओकाका" असे दोनदा म्हणाल्या आहेत.

कलम १. राहते घर, मागच्या आंब्यासकट, माझी मुलगी योकास्ता हिचे. मुलगा राउलीन न्यूयॉर्कला असतो. त्याला घर नको, तसे त्याने फोनवर सांगितले आहे. तरी कधी परत आलाच तर योकास्ताने त्याला पुढची खोली द्यावी आणि निदान पहिला आठवडा टोमणे मारू नयेत.

कलम २. बँकेत जे काही असेल तेही योकास्ताचे. त्यातून तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या ओलिंपियाच्या, थडग्याला दरवर्षी निळा रंग द्यावा. पांढरा देऊ नये. पांढऱ्या रंगाला ती दवाखाना म्हणत असे.

कलम ३. माझे डॉमिनोचे टेबल कोपऱ्यावरचा दुकानदार फेलो याला. त्याच्या दुकानापुढे गेली तीस वर्षे दोन टेबले मांडली जातात, कारण एकावर मी बसतो आणि दुसऱ्यावर नेरेओ पेगेरो. त्यामुळे बिचाऱ्या गिऱ्हाइकांना उगाच बाजू घ्यावी लागते. मी गेल्यावर एकच टेबल मांडावे.

कलम ४. ऊसवाल्यांच्या क्लबाबद्दल. मी या गावच्या क्लबाकडून पंधरा हिवाळे कॅचर म्हणून खेळलो, म्हणजे पंधरा हिवाळे उकिडवा बसून दुसऱ्यांनी फेकलेले झेलत राहिलो. अडतिसाव्या वर्षी सरावाला गेलो, तर फाटकावरच्या वॉचमनने माझी पिशवी हातात दिली. "मालक म्हणाले, ही घेऊन जा." इतकेच. आत नवा कॅचर पट्टे बांधत होता. क्लबाला माझ्या अंत्यविधीला पुष्पचक्र पाठवायचे असेल तर पाठवावे. ते आत आणू नये, फाटकावर ठेवून घ्यावे.

कलम ५. मला हिरवा शर्ट घालून पुरावे. तो कपाटात खालच्या कप्प्यात आहे. योकास्ता म्हणते, "बाबा, लोक काय म्हणतील?" लोक म्हणायचे ते केव्हाच म्हणून झाले आहेत. क्लबाने मला काढले त्याच वर्षी पुंता ब्लांका बंदराच्या लोकांनी हिरव्या शर्टांचा नवा संघ काढला आणि सगळीकडून हाकललेले म्हातारे गोळा केले. आम्हाला वृद्धाश्रम म्हणत. कपडे बदलायच्या खोलीत मलमाचा असा वास सुटायचा की डास आत येत नसत. आमच्यातला कुणी धावायला लागला की प्रेक्षकांतून ओरडत, "दमानं घ्या आजोबा, बेस कुठं पळून जात नाही!" आम्हीही हसायचो. मी आयुष्यात इतका मजेत कधी खेळलो नाही, आणि ते मी ओलिंपियालासुद्धा कधी सांगितले नाही, कारण गावात मला तेव्हा विकला गेलेला माणूस म्हणत होते. तो संघ एकच हिवाळा चालला.

कलम ६. हे कलम कुणाला काही देण्याचे नाही, पण याच्याशिवाय पुढचे समजणार नाही.

नेरेओ पेगेरो हा ऊसवाल्यांचा पिचर. तो फेकायचा, मी झेलायचो. योकास्ताच्या बाप्तिस्म्याला त्याने तिला हातात धरले, तेव्हापासून तो माझा कोंपाद्रे, म्हणजे पाद्र्यासमोर जोडलेला भाऊ. सख्ख्या भावाशी भांडता येते, कोंपाद्रेशी नाही. आमच्या खुणा आमच्याच होत्या. एक बोट म्हणजे वेगाचा चेंडू, दोन म्हणजे वळणारा. आणि मिटलेली मूठ, जी मी दुसऱ्या कुठल्याही पिचरला कधी दाखवली नाही. मुठीचा अर्थ, तुला वाटेल ते टाक, मी घेतो.

त्या हिवाळ्यात उपांत्य सामना आमचा आणि ऊसवाल्यांचा आला. आमचा मॅनेजर माझ्या शेजारी येऊन बसला. "पंधरा वर्षं त्याच्यापुढे बसलात. कुठल्या खुणेला काय टाकतो, सांगा की."

"म्हातारा झालो. आठवत नाही."

"परवाच्या डॉमिनोतली सोंगटी न् सोंगटी आठवते तुम्हाला."

"ती आठवते," मी म्हणालो.

तो समजला आणि उठून गेला. पण नेरेओला वाटले की मी सांगितले असणार. त्याच सकाळी त्याने नव्या कॅचरबरोबर सगळ्या खुणा बदलल्या. शेवटच्या डावात मी कसाबसा दुसऱ्या बेसपर्यंत पोचलो. तिथून कॅचरची बोटे सरळ दिसतात. बोटे ओळखीची नव्हती, तेव्हा मला कळले की त्याचा माझ्यावर भरवसा उरलेला नाही. पुढे तिसऱ्या बेसवर आमचा माणूस होता. त्या नव्या कॅचर पोराने मागितला वेगाचा, नेरेओने नव्या खुणांच्या घोळात टाकला वळणारा. पोर वर उठले, चेंडू खाली पायाशी पडून भिंतीपर्यंत गेला, आणि तिसऱ्या बेसवरचा माणूस चालत घरच्या बेसवर आला. त्या एका धावेने आम्ही जिंकलो. नेरेओ चेंडूकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता.

बाहेर बसपाशी तो म्हणाला, "विकलेत ना आम्हाला, कोंपाद्रे?" आणि उत्तराला थांबला नाही.

जुन्याच खुणा ठेवल्या असत्या तर तो जिंकला असता. पुढच्या हिवाळ्यात वॉचमनने त्याच्याही हातात पिशवी दिली. त्याला कुठल्या नव्या संघाने बोलावले नाही. मी ज्या पाच महिन्यांत हसून घेतले ते त्याला मिळाले नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. तो माझ्यापासून दोन घरे सोडून राहतो. मी जाऊन सांगायला हवे होते, पण मला वाटायचे, आधी त्याने विचारावे. एकदा विचारले असते तर सांगितले असते. योकास्ता दर रविवारी त्याचा आशीर्वाद घ्यायला जाते. तो तिला माझ्या गुडघ्यांचे विचारतो, मी तिला त्याच्या खांद्याचे. ती म्हणते, "मी काय टपाल खातं आहे? मेल्यावर तरी बोलणार आहात का तुम्ही दोघं?"

कलम ७. म्हणून माझा कॅचरचा ग्लोव्ह मी नेरेओ पेगेरो यास देतो. त्याच्या आतला खड्डा त्याच्याच चेंडूंनी पडलेला आहे.

पुरवणी, त्याच दुपारी.

साक्षीला येणारा शेजारी कोंबड्यांच्या झुंजीला निघून गेला. योकास्ता मला न विचारता दोन घरे पलीकडे गेली आणि नेरेओला घेऊन आली. तो दारातच उभा राहिला. वकीलबाई म्हणाल्या, "यांना ग्लोव्ह मिळणार असेल तर यांची साक्ष चालणार नाही. ग्लोव्ह तरी, नाहीतर सही तरी."

नेरेओने कागद मागितला, चष्मा लावला आणि सहावे कलम दोनदा वाचले.

"दुसऱ्या बेसवर उभे होतात तेव्हा हसलात तुम्ही," तो म्हणाला. "मी पाहिलं."

"हसलो नाही. गुडघा कळ मारत होता."

त्याने ते कलम तिसऱ्यांदा वाचले. योकास्ता कॉफी करायला आत गेली ती बाहेरच येईना.

"मग काय टाकू?" त्याने विचारले. "ग्लोव्ह की सही?"

मी मांडीवर मूठ मिटून ठेवली. त्याने ती पाहिली, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि वकीलबाईंकडे पेन मागितले.

सबब कलम ७ रद्द. ग्लोव्ह माझ्या डाव्या हातात घालून माझ्याबरोबर पुरावा. नेरेओ आज ना उद्या तिकडे येणार, तेव्हा कुणीतरी झेलायला बसलेले असावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे, आणि याआधी मी काही लिहून ठेवलेले नाही.

सांता बेआता, डॉमिनिकन प्रजासत्ताक
११ फेब्रुवारी २०१९

(सही) एलिसेओ मान्योन ताव्हारेस

साक्षीदार १: आउरेलिओ सोसा, वकीलबाईंचे कारकून (सही)

साक्षीदार २: नेरेओ पेगेरो (सही). विचारायला हवे होते, कोंपाद्रे.